तिजेचं पाणी

माघाची अमावास्या जवळ आली की मी घड्याळाकडे जास्त पाहू लागतो. निवृत्त माणसाला घड्याळाचं फारसं काम नसतं, हे बायकोने एक-दोनदा बोलून दाखवलं आहे. कारण मात्र तिने विचारलेलं नाही. मीही सांगितलेलं नाही.

यंदाही पक्षी आले आहेत. परवा दूध घेऊन परतताना दोन इमारतींच्या मधल्या फटीतून खाडीचा एक तुकडा दिसला आणि त्यावर ती फिकट गुलाबी रेघ. लोक रस्त्याच्या कडेला गाड्या थांबवून मोबाइल वर धरत होते. एक बाई मुलीला सांगत होती, "ते बघ, फ्लेमिंगो. आपल्या नेरूळचे." मी थांबलो नाही. पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि मनात हिशेब केला. आज चतुर्दशी. म्हणजे उद्या बाराला भरती, परवा पाऊण, तेरवा दीड, आणि तिजेला सव्वादोन.

हा हिशेब मला हिराजीदादाने शिकवला. मला त्याने शिकवलेल्या गोष्टींपैकी तेवढीच एक मी जपली.

नव्वदच्या दशकाच्या मधली ती वर्षं. आम्ही गिरगावातली खोली सोडून नेरूळला आलो होतो. इमारतींना रंगाचा वास होता आणि रस्त्यांना नावं नव्हती, नुसते सेक्टरचे आकडे. झाडं लावलेली होती, पण ती अजून पिंजऱ्यातच होती. दुपारी गॅलरीत उभं राहिलं की खाडीकडून एक दमट, खारट, किंचित कुजका वास यायचा. नव्या माणसांना तो सहन होत नसे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये "या वासाचं काहीतरी करा" असा विषय एकदा लेखी आला होता. सेक्रेटरी मीच होतो. मी तो कागद फाइलला लावला. वासाचं काय करणार?

मी रबाळ्याच्या एका कारखान्यात प्लॅनिंगला होतो. कुठलं मशीन कधी चालू करायचं, कुठला माल कधी बाहेर काढायचा, याचे तक्ते करणं हे माझं काम. तक्ता केला की जग त्याप्रमाणे चालतं, अशी माझी तेव्हा समजूत होती. कारखान्यात ते बहुतेक वेळा खरंही ठरायचं.

सोसायटीच्या मागून एक पायवाट सारसोळ्याच्या बाजूला जायची. गावाच्या अलीकडे खाडीला लागून एक मोठं तळं होतं. तळं म्हणजे खाजणातली सखल जमीन, तिला खाडीच्या अंगाने मातीचा बांध, आणि बांधाच्या मधोमध लाकडी फळ्यांचं दार. त्या दाराला गावात उघाडी म्हणत. भरतीचं पाणी चढलं की फळ्या उचलून ते आत घ्यायचं, ओहोटी लागली की फळ्या टाकून ते आत राखायचं. त्या पाण्याबरोबर मासळीची पिल्लं आत येत आणि तळ्यातच वाढत. फळ्या उचलायला एक लांब दांड्याची लोखंडी आकडी होती. ती आकडी ज्याच्या घरी, त्याच्याकडे उघाडीचा मान. तीन पिढ्या तो मान हिराजीदादाच्या घरात होता.

हिराजीदादा तेव्हा पन्नाशीचा असेल. काळा, सुकलेला, डाव्या कानात भिकबाळीसारखी बारीक कडी. बोलताना समोरच्याकडे पाहायचा नाही, पाण्याकडे पाहायचा. पहिल्या भेटीत मी त्याला विचारलं, "तुमच्याकडे भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक असतं का?"

"हाय ना," तो म्हणाला, "तुमच्या घरी भितीला लटकवलेलं हाय. तिथी बघता का नाय?"

मला त्यात माझी टिंगल कळली नाही. म्हणून त्याने नीट समजावून सांगितलं. अमावास्येला आणि पुनवेला बाराच्या सुमाराला भरती. मग रोज पाऊण तास पुढे. त्या दोन तिथींच्या आसपास पाण्याला जोर असतो, ते उधाण. मधल्या दिवसांत पाणी दमतं, तो भांग. "भांगाचं पानी उंबऱ्याला लागत नाय," असं म्हणून त्याने उघाडीच्या तळाचा आडवा दगड पायाने दाखवला. "आमावस्या ते तीज, नायतर पुनव ते तीज. हेच चार दिवस. मंग पंधरा दिवस वाट बघायची."

पक्ष्यांचं वेड आमच्यात आणलं गायकवाड सरांनी. ते शेजारच्या विंगमध्ये राहत, शाळेत जीवशास्त्र शिकवत. मूळचे परभणीकडचे. "आमच्याकडे प्यायला पाणी नव्हतं, पक्षी कुठून येणार," असं हसत सांगायचे. रविवारी सकाळी गळ्यात दुर्बीण अडकवून तळ्यावर जायचे. एकदा मला घेऊन गेले. तांबड्या लांब पायांच्या शेकाट्या पाण्यात स्वतःच्या सावल्यांवर उभ्या होत्या, आणि पलीकडे ते फ्लेमिंगो, ज्यांना सर रोहित म्हणत आणि हिराजीदादा लाल बगळे. खाडीत पाणी भरलं की बाहेरचा चिखल बुडतो आणि मग हे सगळे बांधाच्या आत येऊन उभे राहतात, असं सरांनी सांगितलं. एवढी मोठी गोष्ट घरापासून दहा मिनिटांवर होती आणि आम्ही वासाची तक्रार करत होतो. मला खरोखर लाज वाटली. माझ्या हातून जे झालं त्याची सुरुवात त्या चांगल्या लाजेतून झाली, हे इथे नोंदवून ठेवतो. त्याने काही कमी होत नाही, पण ते खरं आहे.

उत्सवाची कल्पना सरांची, तक्ता माझा. नाव ठरलं खाडी उत्सव. चार-पाच सोसायट्या, सारसोळ्याची मंडळी, दोन शाळा. चित्रांचं प्रदर्शन, गावच्या बायकांची गाणी, मासळीच्या पदार्थांचा मंडप, आणि मुख्य म्हणजे तळ्यावर पक्षीदर्शन. उघाडीच्या तोंडाशीच, आतल्या बाजूला, पाण्यात बांबूचा एक माच बांधायचा आणि त्यावर मुलांना उभं करायचं. रविवारी उद्घाटन, सोमवार-मंगळवार शाळांसाठी. परीक्षा जवळ येत होत्या, त्यामुळे तारीख पुढे ढकलता येत नव्हती. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल रविवार पाहिला आणि त्यावर पेनाने गोल केला. त्या गोलाच्या आदल्या चौकोनात अमावास्येचा काळा ठिपका होता. तो ठिपका मी पाहिला नाही असं नाही. आमच्या घरी तो नारळ न फोडण्याचा दिवस होता. पाण्याचा तो दिवस असतो, हे हिराजीदादाने सांगूनही मला तेव्हा आठवलं नाही.

आठवलं ते आठवडाभर आधी, आणि तेही सरांना. "पाटणकर, घोळ आहे," ते म्हणाले. "उधाणाचं पाणी आत घेतलं तर तळं कमरेएवढं होईल. वीतभर पाण्यात उभे राहणारे पक्षी हे. सगळे दुसरीकडे जातील."

"मग पाणी आत घ्यायचं नाही," मी म्हणालो. तक्ता करणाऱ्या माणसाला हे उत्तर सुचायला वेळ लागला नाही.

हिराजीदादाकडे मी एकटाच गेलो. तो ओट्यावर जाळं सांधत होता. त्याची बायको, चांगुणावहिनी, आत चुलीशी होती. मी म्हटलं, शनिवारपासून मंगळवारपर्यंत फळ्या टाकूनच ठेवा. त्याने हातातली गाठ आवळून घेतली.

"चारी दिवस?"

"चारच दिवस, दादा."

"साहेब, चारच दिवस असतात." त्याने दाताने सूत तोडलं. "मागच्या पुनवेचं पानी आटत आलंय. हे पानी चुकलं तर होळीपर्यंत तळ्यात काय ऱ्हाईल?"

होळीचं त्याने उगाच काढलं नव्हतं. वर्षभर त्या तळ्यात कोणी जाळं टाकत नसे. होळीच्या सकाळी सगळा गाव बांधावर जमायचा, उघाडीचा मानकरी पहिला पाण्यात उतरायचा, आणि मग तळ्यातली मासळी घरटी वाटली जायची. धुळवडीचं कालवण त्या मासळीचं. विधवा बाईच्या घरी, आजारी माणसाच्या घरी, ज्याची होडी मोडली आहे त्याच्या घरी, सगळीकडे सारखाच वाटा.

आतून चांगुणावहिनी म्हणाली, "पक्षी बघाया मानसं येनार, आनि मासं उपाशी ऱ्हानार. बरा उत्सव."

"गप ऱ्हा," हिराजीदादा तिला म्हणाला, पण हसला. मग मला म्हणाला, "मंगलवारी तीज. सव्वादोनला पानी भरंल. एकला लागंल उंबऱ्याला, तीनपर्यंत ऱ्हाईल. तेवढं तरी घेऊ द्या. दोन तासाचं पानी, पन तळं जगंल."

मी म्हणालो, "मंगळवारी एकला शाळेची मुलं निघतील. माच रिकामा झाला की मी स्वतः येऊन सांगतो. तोपर्यंत उघडू नका, फळ्या उचलल्या की लोंढा थेट माचाखालीच येणार."

"तुमी स्वतः?"

"मी स्वतः."

"मंग झालं," तो म्हणाला.

उत्सव उत्तम झाला. हे आजही मला प्रामाणिकपणे म्हणावं लागतं. रविवारी अकराच्या पुढे खाडी भरू लागली आणि फ्लेमिंगो थव्याथव्याने बांध ओलांडून आत आले. वीतभर पाण्यात उतरले, पंख मिटायच्या आधी आतला लाल काळा रंग एकदा उघडा झाला आणि माचावरची दीडशे माणसं एकदम गप्प झाली. आमच्या सोसायटीतली, एकमेकांशी पार्किंगवरून भांडणारी माणसं. एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत होते. सरांनी भाषण लिहून आणलं होतं, ते त्यांनी केलंच नाही. बांधाच्या टोकाला, बंद उघाडीवर, हिराजीदादा आकडी मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या पाठीशी खाडीचं पाणी फळ्यांना धडका देत होतं. आम्ही सगळे पक्ष्यांकडे पाहत होतो. तो एकटा दुसऱ्या बाजूला तोंड करून बसला होता.

मंगळवारी दुपारी समारोपाला एक मोठे अधिकारी आले. मंडप गावाच्या मैदानात, तळ्यापासून पंधरा मिनिटांच्या वाटेवर. त्यांना यायला उशीर झाला, म्हणून जेवणं उशिरा बसली. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. कोळंबीची खिचडी होती, तांदळाच्या भाकऱ्या होत्या, वाढायला गावच्याच बायका होत्या. त्यांनी मला विचारलं, हे सगळं नियोजन कोणाचं? मी म्हटलं, आम्हा सर्वांचं. पण ते मी अशा आवाजात म्हटलं, की त्यांना नेमकं कोणाचं ते कळावं. त्यांनी पाठीवर थाप दिली. छायाचित्रकाराच्या रोलमध्ये दोनच फोटो उरले होते, त्यासाठी आम्ही पुन्हा उठून उभे राहिलो. मग पुन्हा बसलो. मग आइस्क्रीम आलं.

आठवलं तेव्हा मनगटावर तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

मी धावलो. तळ्यावर पोचलो तेव्हा दुसऱ्या शाळेची मुलं रांगेने बसकडे चालली होती. त्यांची बस एकला येणार होती, ती तीनला आली. हिराजीदादाने बाईंना तीनदा विनवलं होतं, मुलं माचावरून काढा म्हणून. बाईंचंही काही चुकलं नव्हतं. बांधावर सगळीकडे ऊन आणि चिखल, माचावर कनातीची सावली. त्या म्हणाल्या, "आम्हाला पाटणकर सर सांगतील तेव्हा हलू." ठिकठिकाणच्या सूचना मी तशाच लिहून दिल्या होत्या.

उंबऱ्याचा दगड ओला होता आणि पाणी त्याच्या खाली उतरलं होतं. हिराजीदादाने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, "गेलं."

त्या रात्रीच्या भरतीला तो पुन्हा जाऊन बसला, हे मला नंतर कळलं. चतुर्थीचं पाणी उंबऱ्याच्या दोन बोटं खाली थांबलं आणि परतलं.

पुढच्या दहा-बारा दिवसांत ऊन अचानक तापलं. तळं आकसत गेलं, कडेचा चिखल भेगाळला, मधे हिरवट डबकं उरलं. आणि तळ्यावर पक्षी आले. उत्सवाला आले नव्हते एवढे. बगळे, कुरव, घारी, करकोचे. गॅलरीतून पांढरी चादर हलल्यासारखी दिसायची. सोसायटीतले लोक मला जिन्यात अडवून म्हणत, "पाटणकर, तुमच्या उत्सवाचा पायगुण!" मी एका स्थानिक साप्ताहिकाला चार ओळींची बातमी पाठवली, पक्ष्यांची संख्या वाढल्याची. ती नावासकट छापून आली. त्याच संध्याकाळी सर मला तळ्यावर घेऊन गेले. काठाला बोयट मासे पांढरी पोटं वर करून पडले होते, कोळंबी शिजवल्यासारखी लाल झाली होती. वास असा, की त्यापुढे आमच्या मीटिंगमधला तो जुना वास म्हणजे काहीच नाही. सरांनी दुर्बीण डोळ्यांना लावली नाही. ती उतरवून पिशवीत ठेवली.

"पाणी का नाही घेतलं त्यांनी?" सरांनी विचारलं.

"काय माहीत," मी म्हणालो.

मी पहिल्यांदा खोटं बोललो ते त्या वेळी. सर चांगले होते, त्यांना सांगता आलं असतं. त्यांनी मला सोबत करून गावात नेलं असतं. कदाचित म्हणूनच सांगितलं नाही.

होळीच्या सकाळी मी बांधावर होतो. हिराजीदादानेच उत्सवाच्या आधी बोलावलं होतं, आणि आमंत्रण परत घेणाऱ्यातला तो नव्हता. कोणीतरी माझ्या हातात चहा दिला. जाळी कोरडीच होती. बायका रिकाम्या टोपल्या घेऊन लांब उभ्या होत्या. गावातल्या चार म्हाताऱ्यांनी हिराजीदादाला विचारलं. आवाज कोणीच चढवला नाही.

"हिराजी, पानी का नाय घेतलं?"

"तीज चुकली."

"आमावस्येपासनं चार दिवस व्हते. चारी चुकले?"

"तीन दिवस मी कबूल केलं व्हतं. चौथा चुकला."

"कसा चुकला? तुझ्या बापाचा कदी चुकला नाय."

मी त्याच्यापासून सहा-सात पावलांवर होतो, पांढऱ्या शर्टात. त्याने माझ्याकडे पाहिलं असतं तर मी बोललो असतो, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. त्याने पाहिलं नाही. तो तळ्याच्या भेगांकडे पाहत होता.

"माझा चुकला," तो म्हणाला. "मी बसून व्हतो आनि चुकला."

म्हाताऱ्यांपैकी एकाने हात पुढे केला. हिराजीदादाने आकडी उचलली, तिच्या टोकाला लागलेला चिखल धोतराच्या सोग्याने पुसला, आणि दिली. एवढंच झालं. माझा चहा संपला नव्हता. मी तो संपवला.

गप्प राहण्याची कारणं माझ्याकडे तयार होती. मी बोललो तर गाव सोसायट्यांशी बोलणं टाकेल. पुढच्या वर्षी उत्सव होणार नाही. उत्सव झाला नाही तर या तळ्याला कोण वाली? एका माणसाचा मान आणि सगळी पाणथळ, असा मी तराजू मांडला होता. उत्सव त्यानंतर दोन वर्षं झाला. मी तारखा तिथी पाहून काढल्या. मग माझी बढती झाली, सर बदली होऊन गेले, आणि तो बंदच पडला. पक्ष्यांना त्याचा काही फरक पडला नाही. ते येत राहिले.

हिराजीदादा नंतर खाडीत होडीवर जाई. रस्त्यात भेटला तर "बरं हाय ना?" विचारायचा. मी "हो दादा" म्हणायचो. मी त्याच्याकडे सांगायला म्हणून दोनदा गेलो. एकदा घरी पाहुणे होते. दुसऱ्यांदा तो ओट्यावर एकटाच होता आणि मी त्याच्याशी अर्धा तास जाळ्यांबद्दल बोलून परत आलो. तो गेल्याचं मला महिन्याने कळलं.

तळ्याची उघाडी आता उरलेली नाही. फळ्या कुजल्या, बांध रुंद होऊन त्यावरून लोक सकाळी चालायला जातात. उंबऱ्याचा दगड तेवढा गवतात आहे. काल, अमावास्येला, मी तिथे बाराला जाऊन उभा राहिलो. पाणी दगड बुडवून बरोबर वेळेवर थांबलं.

परतताना बाजाराच्या कडेला चांगुणावहिनी दिसली. सुकट घेऊन बसते ती अजून. केस सगळे पांढरे, आवाज तोच. इतकी वर्षं मी त्या बाजूने जाताना रस्ता ओलांडून जात असे. काल ओलांडला नाही. समोर उकिडवा बसलो. गुडघे दुखले.

"वहिनी, तुम्हाला एक सांगायचंय. त्या तिजेला दादाचं काही चुकलं नव्हतं. मी येऊन सांगणार होतो, आलो नाही. आणि होळीला बांधावर उभा होतो, तेव्हाही बोललो नाही."

ती सुकट निवडत राहिली. एका गिऱ्हाइकाला वाटा बांधून दिला. मग म्हणाली, "मला कशाला सांगतोस?"

"दादा नाहीत, म्हणून..."

"मला ठाव हाय ते. मला सांगून काय व्हईल? गावाला सांग. होळीला समदी येतात अजून, तळं नसलं तरी. त्याच्या हातातली आकडी गावासमोर घेतली, तर गावासमोरच सांगाया पायजे."

"आता कोणाला आठवत असेल?"

"माझ्या नातवाला भांडनात बोलतात अजून, तीज चुकवनाऱ्याचा तू म्हनून. आठवत नाय कसं?"

मी म्हटलं, येईन. कधी येऊ ते विचारलं. ती म्हणाली, दुपारी एकला ये. मी उठलो, पँट झटकली, आणि निघालो. चार पावलं गेल्यावर तिने मागून हाक मारली.

"पाटनकर! येशील ना नक्की, का परत जेवत बसशील?"

जेवणाचं मी तिला सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं.

होळीला चौदा दिवस आहेत.